सिझरनंतरची बुरशी : हर्सूलच्या बाळंतिणीला खर्च किती?

सिझरचे टाके सुकत आलेले असतात आणि पोटाच्या घडीत लाल चट्टा उठतो, खाज सुटते. कुणाच्या अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं. ही बहुधा कॅन्डिडा बुरशी. ती अंगावर एरवीही असते. अँटिबायोटिकने तिला दाबणारे जिवाणू मेले किंवा साखर वाढली, की तिला फावतं.

या टप्प्यावर खर्च किरकोळ असतो. साध्या क्लोट्रिमॅझोल मलमाची छोटी ट्यूब शंभर रुपयांच्या आत मिळते, जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. महागात पडतं ते मेडिकलमधून न विचारता आणलेलं ‘थ्री-इन-वन’ मलम. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे महिनोन् महिने औषध चालतं. चिठ्ठीशिवाय असं मलम घेऊच नका.

टाक्यातून पू येत असेल तर मलमाचा विचारच नको. अशी जखम बहुतेक वेळा जिवाणूंनी चिघळलेली असते, म्हणून आधी स्वॅब आणि साखर तपासा. खासगी लॅबमध्ये स्वॅबच्या कल्चरला काही शे रुपये लागतात. सरकारी रुग्णालयात हा खर्च तुमच्यावर येऊ नये. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त मोफत आहे, सिझरनंतर सात दिवसांचा आहारही. पुढे बाळंतपणानंतरची गुंतागुंतही त्यात आली. हर्सूलहून घाटीचं सरकारी रुग्णालय दूर नाही. डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल कार्ड सोबत न्या. ‘औषध बाहेरून आणा’ म्हणाले, तर अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. तो तुमचा हक्क आहे.

बुरशी रक्तात किंवा खोल ऊतींत शिरणं विरळा. पण आयसीयूतल्या, अनियंत्रित मधुमेहाच्या बाईला तो धोका असतो. म्युकरमायकोसिस या दुसऱ्या, खोल शिरणाऱ्या बुरशीच्या आजारावरचं लायपोसोमल अँफोटेरिसिन हे औषध किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम धरलं, तर 60 किलोच्या बाईला 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज लागतात. एकेक कुपी हजारोंची. तेव्हा खासगीत दाखल करण्याआधीच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड दाखवा. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक लावणं 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते आधी वाचा.

बाळाच्या तोंडात कॅन्डिडाचा, पुसूनही न जाणारा पांढरा थर दिसला, तर मायलेकरांवर एकदमच उपचार करून घ्या आणि दूध पाजता हे डॉक्टरांना सांगा. ताप, थंडी, टाक्याला दुर्गंधी किंवा धाप असेल तर सकाळची वाट पाहू नका. 108 लावा, ती रुग्णवाहिका मोफत आहे.