पुन्हा भेटणारी यमू

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आनंदाश्रम नावाची एक जुनी संस्था आहे. संस्कृत पोथ्यांच्या जतनासाठी महादेव चिमणाजी आपटे यांनी ती १८८८ साली स्थापिली. त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे तिची व्यवस्था पाहत. पोथ्यांच्या सहवासात राहणाऱ्या या हरिभाऊंनी मराठी कादंबरी मात्र साध्या घरांच्या माजघरात नेली. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली.

यमू नावाची मुलगी तीत आपली हकीकत स्वतः सांगते. लिहिणारा पुरुष आहे, याचा वाचकास विसर पडतो.

अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला प्रथम दिसतात ते यमू आणि तिचा दादा, त्यांचे खेळ आणि त्यांची भांडणे. चार-सहा वर्षांनी तेच पुस्तक उघडले, की नजर यमूच्या आईकडे वळते. पतीचा धाक ती मुकाट्याने सोसते, मुलांना पोटाशी धरते. पहिल्या वाचनात ही आई होती तरी कोठे? तेथेच होती, वाचकाने तिच्याकडे पाहिले नव्हते. कादंबरीचे नाव तरी दुसरे काय विचारते?

यमूचे लग्न लहानपणीच होते. याच पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले होते. परंतु शाळा निघाली म्हणून प्रत्येक वाड्याचा दरवाजा थोडाच उघडतो! यमूला वाचनाची गोडी लागते ती पती रघुनाथराव यांच्या उत्तेजनाने. मुंबईच्या बिऱ्हाडात दोघांचे दिवस सुखात जातात. पुढे रघुनाथराव वारतात. यमू पुन्हा सासरच्या माणसांच्या हाती सापडते आणि शंकरमामंजी तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन करवितात. त्या काळी अनेक विधवांच्या वाट्याला हेच येत असे.

मुंबईची ती प्रकरणे पहिल्या वाचनात काहीशी संथ वाटतात. विशेष काही घडत नाही, म्हणून उतावळा वाचक पाने भराभर उलटतो. दुसऱ्या वाचनात पुढचे सारे ठाऊक असते, यमूला मात्र ते ठाऊक नसते. ती आनंदाने वाचीत बसलेली असते, आणि वाचकाच्याने पान उलटवत नाही.