हट्टी नायटा : जुना रोग, नवे आव्हान

त्वचारोगांतील नव्या संशोधनाविषयी स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा सोरायसिसवरील जैविक औषधे आणि कोडावर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रक्सोलिटिनिबचे मलम हे विषय डोळ्यांसमोर आले. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात वैद्यकी करणाऱ्यास रोज भेटणारा रोग वेगळाच आहे. मराठीत त्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतात, कन्नडमध्ये हुळकड्डी. विद्यार्थिदशेत आम्हाला तो अगदी किरकोळ वाटे. आज तोच आपल्या ज्ञानाची कसोटी पाहत आहे.

काही वर्षांपूर्वी तुरीच्या शेतात राबणारा एक मजूर माझ्याकडे आला. जांघेपासून कमरेपर्यंत चट्टे पसरलेले होते. मी नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या. तो बरा झाला, महिन्याभराने परत आला, पुन्हा बरा झाला आणि पुन्हा आला. तो औषधे चुकवीत असावा, अशी मी मनाशी समजूत करून घेतली. चौथ्या खेपेस त्याची पत्नी सोबत होती. तिला विचारले, ‘‘अक्का, घरात आणखी कुणाला आहे का?’’ ती म्हणाली, ‘‘साहेब, खाज समद्यांलाच हाय. पैसे एकाच्याच औषधाचे व्हते.’’ तिने पिशवीतून तीन मलमांच्या नळ्या काढल्या. तिन्हींत क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. हे दोन्ही प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवे होते. चूक रुग्णाची नव्हती, माझी होती.

याविषयी संशोधन काय सांगते ते पाहू. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी प्रामुख्याने आढळे. गेल्या दशकात तिची जागा मोठ्या प्रमाणावर मेंटाग्रोफायटीस गटातील एका बुरशीने घेतली. भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत ती आढळली. अमेरिकेतील त्या पहिल्या नोंदी होत.

टर्बिनाफिन हे बुरशीतील स्क्वालीन इपॉक्सिडेझ या विकराला रोखते. त्यामुळे बुरशीला आपल्या पेशीपटलासाठी आवश्यक असलेले अर्गोस्टेरॉल तयार करता येत नाही. या नव्या बुरशीच्या अनेक नमुन्यांत त्या विकराच्या जनुकातच बदल झालेला आढळतो; मग औषध विकराला नीट चिकटतच नाही. म्हणजे गोळ्या वेळेवर घेणाराही बरा होईलच असे नाही.

स्टेरॉइडची भूमिका निराळी आहे. ते बुरशी मारीत नाही. दाह दाबते आणि स्थानिक प्रतिकारशक्ती क्षीण करते. खाज थांबते, रुग्ण सुखावतो आणि बुरशी मात्र निर्वेधपणे पसरते. चट्ट्याची ओळखीची कडही पुसट होते. या फसव्या रूपाला आयव्ह्ज व मार्क्स यांनी १९६८ मध्येच ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हटले होते. भारत सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’ स्पष्टपणे लागू केली. तरीही चिठ्ठीविना मिळणारी नळी आजही रुग्णाच्या पिशवीत सापडते.

सहव्यावसायिक बंधुभगिनींनो, महागड्या यंत्रांवाचूनही आपल्याला बरेच करता येते. चट्ट्याच्या कडेची खरवड घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही अल्पखर्चाची तपासणी आहे. हट्टी रोगात उपचार किमान चार आठवडे चालावेत आणि चट्टे गेल्यावरही बुरशीविरोधी मलम आणखी दोन आठवडे लावावे. इट्राकोनाझोल देताना हृदयाची दुर्बलता, यकृताचे विकार आणि चालू असलेली औषधे यांची विचारपूस करावी. त्याची कॅप्सूल जेवणानंतर घ्यावी. आम्लपित्ताच्या औषधांसोबत ती नीट शोषली जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार करावेत.

वाचक बंधुभगिनींनो, आपण एवढे करावे : टॉवेल व अंतर्वस्त्रे प्रत्येकाची वेगळी ठेवावीत, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत, घामाचे कपडे लवकर बदलावेत, आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचे मलम आपण लावू नये.

त्या मजुराच्या घरातील चौघांवर आम्ही एकत्र उपचार केले. खर्च बेताचा राहावा म्हणून साधी औषधे निवडली. बरे होण्यास तीन महिने लागले. संशोधन प्रयोगशाळेत होते हे खरे. परंतु त्याचे फळ रुग्णापर्यंत पोहोचते ते आपण विचारलेल्या एका साध्या प्रश्नातून, हे मला त्या अक्कांनी शिकविले.