बारावी कर, मग गाडीवर ये

चि. बाळास,


ताईचा फोन आला होता. अकरावीतच कॉलेज सोडून गाडीवर जायचं तुझ्या मनात आहे म्हणाली. माझं पोट याच धंद्यावर चालतं, त्यामुळे तो हलका आहे असं मी कधी म्हणणार नाही. भर पावसात भरलेली गाडी कसारा घाटातून उतरवायला अक्कल लागते आणि छातीही. तू ड्रायव्हर हो, माझी ना नाही. पण बारावी अर्धवट टाकून होऊ नकोस.

आधी वयाचा हिशेब मांड. तू आता 17 वर्षांचा. 18 पूर्ण झाल्याशिवाय कारचंही लायसन निघत नाही. ते निघालं की एक वर्ष थांबायचं, आणि ट्रकसाठी वय 20 पूर्ण हवं. मग आज कॉलेज सोडून तीन वर्षं करणार काय? काच पुसायची, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचा. रात्री रस्ता मोकळा दिसला की एखादा ड्रायव्हर लाडाने स्टिअरिंग देईल, आणि तिथेच घोळ होईल. अल्पवयीन पोरगा गाडी चालवताना सापडला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या पोराला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. ज्यासाठी कॉलेज सोडलंस तेच हातचं जाईल. बारावीला मात्र दीड वर्षच उरलंय, आणि पास झालास तरी ट्रकचं वय व्हायला वेळ असेलच.

तू म्हणशील, मामा, लायसनला शिक्षण लागतच नाही. खरंय. आठवी पासची अट होती, ती 2019 सालीच निघाली. पण आरटीओत लागलं नाही तरी गोदामात लागतं. गेल्या पावसाळ्यात इंदूरला रांगेत माझ्यापुढे एक पोरगा होता, हात एकदम साफ. माल उतरला, कारकुनाने पोचपावतीवर इंग्रजीत दोन ओळी खरडल्या आणि पेन पुढे केलं. पोराने सही ठोकली. पाच खोकी भिजलेली आली, असं त्यात लिहिलं होतं. खोकी भिजली होती त्यांच्याच धक्क्यावर, उतरवताना. महिनाअखेरीला मालकाने पैसे त्याच्या पगारातून कापले. वाचता आलं असतं तर त्याने तिथल्या तिथे हरकत लिहून मगच सही केली असती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

बिल्टी, ई-वे बिल, काटापावती, सगळा कागदच आहे रे. ई-वे बिलाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बिघडून उभी राहिली की मुदत संपत आल्याचं ड्रायव्हरनेच वेळेत ट्रान्सपोर्टला कळवायचं. वजन जास्त निघालं तर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. बिल्टीवरचा आकडा काट्याशी जुळतो का, हे गाडी हलण्याआधी बघावं लागतं. आणि गॅस, ॲसिडसारख्या धोकादायक मालाचा टँकर चालवायचा तर एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलीच पाहिजे, असा नियमच आहे.

पुढचंही बघ. पोलीस शिपाई चालकाच्या भरतीला बारावी पास लागतं. उद्या कंबरेने दगा दिला, आमच्यातल्या पुष्कळांना देते, तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून गाड्या लावायचं काम हिशेब येणाऱ्यालाच मिळतं. स्वतःची गाडी घ्यायची झाली तर कर्जाचे कागद तुलाच वाचायचे आहेत.

घरच्या ओढाताणीमुळे सोडत असशील तर सरळ सांग. दाजींना मी बोलतो, फी आणि पुस्तकांचं मी बघतो. वर्गात मन लागत नसेल तर 17 नंबरच्या फॉर्मची चौकशी कर आणि बाहेरून बस, पण परीक्षा दे. मे महिन्यात माझ्याबरोबर न्हावा शेवा ते नागपूर एक फेरी कर. चालवायचं नाही, शेजारी बसून बघायचं. टायर कसा ठोकून बघतात, चढाला गिअर कधी पाडतात, झोप आली की गाडी कुठे लावतात, सगळं दाखवतो.

सोमवारी कॉलेजात जा आणि संध्याकाळी मला फोन कर.

तुझा,
मामा