जुन्या डिझेल इंजिनला कोणते ऑइल घालावे?

नळदुर्ग, उमरगा, कळंब, परंडा, कुठल्याही गॅरेजात जा, एक सल्ला हमखास ऐकू येतो: "इंजिन जुने झाले, आता दाट ऑइल घाला." ट्रक, जीप, ट्रॅक्टर, पिठाच्या गिरणीचे इंजिन, सगळ्यांना हेच एक औषध. या सल्ल्यापायी कित्येकांच्या रोजीचे साधन वेळेआधी निकामी होते. म्हणून कारागीर बंधूंनी हा विषय नीट समजून घ्यावा.

डब्यावरचे आकडे

डब्यावर ३०, ४०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. ३०, ४०, ५० हा आकडा ऑइल गरम असताना, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, किती दाट राहते ते सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला आहे. तो जितका लहान, तितके ऑइल थंड इंजिनात लवकर पोहोचते. म्हणजे गरम झाल्यावर साधे ४० आणि १५डब्ल्यू-४० एकाच दाटपणाच्या वर्गात येतात. १५डब्ल्यू-४० पातळ असते, ही समजूत चुकीची आहे. फरक पडतो तो पहाटे इंजिन चालू करताना, आणि बेअरिंगची बरीच झीज त्याच वेळी होते.

कामाप्रमाणे निवड

पुण्याच्या खडकीत १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची १५०० फेऱ्यांची इंजिने आणि राजकोटकडची लिस्टर पद्धतीची ६५० फेऱ्यांची संथ इंजिने एका चालीत तासन्‌तास चालतात. त्यांना कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे साधे ३० किंवा ४० चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या घरात जातो, तेव्हा ४० बरे. ट्रक, जीप, टेम्पो दिवसातून अनेकदा बंद-चालू होतात. त्यांना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० घ्यावे.

दर्जाची अक्षरे

आकड्याइतकीच अक्षरे महत्त्वाची. 'एस'ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनाचा, 'सी'ने सुरू होणारा डिझेलचा. सीएफ-४ दर्जा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा आणि सीआय-४ २००२ चा. जुन्या ट्रक-जीपला यांपैकी मिळेल ते बहुधा पुरते. २०१६ चे सीके-४ महाग असते आणि त्याचा मुख्य फायदा धूर गाळणारी जाळी असलेल्या नव्या गाड्यांना. जुन्या इंजिनासाठी तो जादा खर्च करण्याचे कारण नाही. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असे, त्यातून तयार होणारे आम्ल ऑइलला मारावे लागे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते. त्यात दहा लाख भागांत गंधक जास्तीत जास्त १० भाग असते. त्यामुळे ऑइलवरचा तो भार खूप कमी झाला आहे.

दाट ऑइलने काय होते?

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतात. ५० नंबरचे ऑइल घातले की काही दिवस धूर कमी दिसतो, पण झीज थांबत नाही. उलट थंड इंजिनात दाट ऑइल रॉकरपर्यंत उशिरा पोहोचते. ऑइल उडवून चालणाऱ्या जुन्या इंजिनात तर डिपर दाट ऑइलमध्ये नुसती चरी पाडतो, वर पुरेसे ऑइल उडत नाही. काळा धूर असेल तर दोष ऑइलचा नव्हे. नोझल, पंप आणि एअर फिल्टर आधी तपासा.

डिझेल इंजिनातले ऑइल लवकर काळे होते, ते काजळी धरून ठेवते म्हणून. नुसत्या रंगावरून ते बिघडले असे समजू नये. दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे. डिपस्टिकवर पातळी वाढली तर डिझेल किंवा पाणी उतरते आहे. बदलण्याची वेळ गाडीला किलोमीटरवर आणि गिरणीला तासांवर ठरते, म्हणून एक वही ठेवा. वर्षानुवर्षे हलके ऑइल वापरलेल्या इंजिनात चांगले ऑइल घातले की जुना गाळ सुटतो. तेव्हा पहिला बदल आणि फिल्टर लवकर करावा.

व्यवहाराची बाजू

जुने इंजिन विकताना "थोडे दाट ऑइल घाल, धूर दिसणार नाही" असे कारागिराला सांगितले जाते. बंधूंनो, हा मालातील ऐब लपवणेच आहे, आणि ऐब लपवून केलेली विक्री आपल्या दीनमध्ये जाइज नाही. घेणारा कदाचित कर्ज काढून गिरणी टाकत असेल. चार महिन्यांत क्रँक बसला तर त्याच्या घरची चूल विझेल. हेच वापरलेले काळे ऑइल गाळून नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरणाऱ्यांनाही लागू आहे. ग्राहकाने सील पाहावे, बिल घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा.

ग्राहकाला सरळ सांगा: "रिंगा गेल्या आहेत, काम करावे लागेल." तो आज नाराज होईल, पण पुढचे इंजिन तुमच्याकडेच आणील. रोजीत बरकत अशाच व्यवहाराने येते.