आधी झाडाचा घेर मोजा, मग मशीन घ्या

शिरवळ गटातील सभासद बंधु-भगिनींनो,

गळीत हंगाम संपला की बांधावरच्या झाडांकडे आपले लक्ष जाते. नीराकाठच्या मळ्यांतून जुन्या बाभळी, चिंचा, जांभळी आहेत. वठलेले किंवा वादळात कललेले झाड काढावेच लागते. पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत यांवर व्हायचे. आता साखळीची करवत, म्हणजे चेन सॉ, आली आहे. पण दुकानात जाऊन "सर्वांत लांब पट्टीचं मशीन द्या" असे म्हणू नये. त्यात पैसा जातो आणि जिवालाही धोका असतो.

घेर व जाडी : जिथून कापायचे तिथे खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजा. आलेल्या इंचांना 7 ने गुणा व 22 ने भागा, म्हणजे जाडी मिळते. घेर 44 इंच तर जाडी 14 इंच, घेर 66 तर 21, आणि घेर 110 तर 35 इंच.

पट्टीची लांबी : साखळी ज्या पोलादी पट्टीवरून फिरते तिला बार म्हणतात. मशीनच्या बाहेर, प्रत्यक्ष कापणारा भाग तेवढाच लांबीत धरतात. एका बाजूने कापायचे तर बार जाडीपेक्षा 2 इंच जास्त हवा. म्हणजे 14 इंची बाभळीला 16 इंची बार झाला. दोन्ही बाजूंनी कापले तर 18 इंची बार 21 इंची खोडालाही पुरतो. 35 इंची चिंचेला मात्र 24-25 इंची बार आणि कसबी माणूसच पाहिजे.

इंजिनची ताकद : 14-16 इंची बारला साधारण 35 ते 45 सीसी, 18-20 इंचीला 50 ते 60 सीसी आणि 24-25 इंचीला 70 सीसी वा अधिक इंजिन लागते. छोट्या इंजिनला लांब बार लावणे म्हणजे चार बैलांचा नांगर एका बैलाला जुंपणे. साखळी अडखळते, माणूस मशीन दाबतो आणि इंजिन तापते.

कठीण लाकूड व धार : चाकाचे तुंबे बाभळीचे का करत, हे आपणांस ठाऊकच आहे. असले लाकूड, त्यातून वाळलेले, साखळीची धार लवकर घालवते. भुसा बघा. जाडसर तुकडे पडत असतील तर धार ठीक, पिठासारखा पडू लागला की मशीन थांबवून गोल कानस मारा. बुंध्याची माती आधी झाडा. जनावरे बांधायला ठोकलेले खिळे, कड्या, तार शोधून काढा. साखळीचे तेल वेगळ्या टाकीत असते, ते पेट्रोलबरोबर रोज भरावे.

सावधगिरी : बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडावर येते. बार लांब असेल तर टोक पलीकडे कुठे टेकते ते दिसत नाही. म्हणून गरजेपेक्षा लांब बार नको. साखळीचा ब्रेक चालू असलेलेच मशीन वापरा, ते दोन्ही हातांनी धरा आणि खांद्याच्या वर कधी चालवू नका. हेल्मेट, चष्मा, बूट हवेतच. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी थांबू नये. जवळून विजेची तार गेली असेल तर आधी महावितरणला कळवा.

परवानगी : 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग, फणस ही झाडे आहेत. ती स्वतःच्या रानात असली तरी लेखी परवानगी लागते. इतर झाडांबाबतही वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

तेव्हा घ्यायचे काय? बांधावरच्या नेहमीच्या बाभळीसाठी 18 इंची बार व 50 सीसीच्या आसपासचे मशीन पुरेसे आहे. चार भावांनी मिळून घेतले तर आणखी बरे. रानात एखादेच मोठे झाड असेल, तर त्यासाठी मोठे मशीन विकत घेऊ नये, जाणकार माणूस मशीनसह बोलवावा. मजुरी परवडते, गेलेला हातपाय परत येत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी