हात कसबी, हिशेब कच्चा

भोसरी-चाकणच्या शेडमधला आपला कारागीर लेथवर हार जात नाही; हरतो तो दर सांगताना. एक हिशेब पाहू.

माल गिऱ्हाइकाचा. समजा, यंत्राचा तासाचा खर्च ३०० रुपये, मजुरी १००. तासात २० नग, म्हणजे नगामागे २० रुपये. आपण २१ सांगितले. पण दोन नग बाद गेले, तर १८ नगांचे ३७८ रुपयेच मिळाले. तासाला २२ रुपये तोटा!

मावळातील साते येथील पिंपरी-चिंचवड विद्यापीठात बीबीए, एमबीए शिकवतात. तेथे किंवा अन्यत्र मुलाला घालताना आम्ही एवढेच विचारू: पुस्तकाबरोबर कारखान्यात किती आठवडे? संगणकावर असा हिशेब मुलगा स्वतः मांडणार का? उत्तर समाधानकारक मिळाले, तरच फी भरावी.