‘वरवरची’ जखम तपासूनच ठरवा

पायात काटा मोडला, बोटात लाकडाची कूस गेली किंवा काचेचा कण रुतला, तर आपण सहसा दवाखान्यात जात नाही. घरीच सुईने टोकरतो. निघाला तर ठीक, नाहीतर ‘पिकून आपोआप बाहेर येईल’ म्हणून सोडून देतो. आठवड्याभराने ठणका लागतो, पाय टेकवत नाही, आणि मग केसपेपर निघतो. मोठ्या रुग्णालयाच्या कागदावर किंवा विम्याच्या फॉर्मवर निदानापुढे ‘एस ९०.८’ असं काहीतरी छापलेलं असतं. ‘डॉक्टर, हा कुठला आजार?’ असं अनेक जण काळजीने विचारतात. काळजी करू नका, पण तो कोड समजून जरूर घ्या. काट्याची जखम कशी सांभाळायची, हे त्यातूनच नीट कळतं.

हा कोड आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणातला आहे. १९९० मध्ये मंजूर झालेली ही दहावी आवृत्ती. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या फॉर्मवर अजून दहावीचाच रकाना असतो. शरीराच्या भागानुसार नोंदवलेल्या जखमांना ‘एस’ हे अक्षर आहे. एस ६० म्हणजे मनगट आणि पंजाची वरवरची जखम, एस ९० म्हणजे घोटा आणि पावलाची. खरचटणं, मुका मार, फोड, बिनविषारी किड्याचा चावा आणि मोठी उघडी जखम न होता रुतलेली कूस, हे सगळं या गटात येतं.

पण त्याला लागूनच एस ९१ आहे. तो पावलाच्या उघड्या जखमेचा. टोकदार वस्तू आत भोसकून गेली आणि तिचा तुकडा आतच राहिला, तर ती जखम एस ९१ मध्ये मोडते. कागदावर फरक एका आकड्याचा, उपचारात मात्र मोठा. एस ९० ची कूस चिमट्याने निघते. एस ९१ मध्ये भूल देऊन जखम उघडून पाहावी लागू शकते, सोनोग्राफी लागू शकते, अँटिबायोटिक लागू शकतं.

हा फरक त्वचेवरचं छिद्र पाहून कळत नाही. बाभळीचा काटा घ्या. अनवाणी किंवा झिजलेली चप्पल घालून बांधावरून चालताना तो तळव्यात घुसतो, आपण ओढतो आणि टोक आत मोडतं. दोन दिवसांनी वर फक्त टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका उरतो. त्यावर कातडी जाड होते. वरून बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण एका ठरावीक जागी दाबलं की माणूस पाय झटकन मागे घेतो. अनेकांना ते कुरूप वाटतं. कुरूप दाबाने आणि घासण्याने होतं, त्याचा कोड वेगळा (एल ८४) आणि उपचारही वेगळा. ब्लेडने कुरूप कापायला गेलेला माणूस खाली मोडलेल्या काट्यावर नवी जखम करून घेतो.

आत राहिलेला तुकडा जुना झाला की निदान पुन्हा बदलतं. मऊ पेशींमध्ये राहून गेलेल्या बाह्य वस्तूला एम ७९.५ हा स्वतंत्र कोड आहे. इथे एक्स-रेबद्दल सांगायला हवं. धातू एक्स-रेत स्पष्ट दिसतो, काचही बहुतेक वेळा दिसते. काटा, लाकूड, बांबूची शिलक मात्र सहसा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे आत काही नाही’ हा निष्कर्ष काट्याच्या बाबतीत चुकीचा ठरू शकतो. अशा वेळी सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

आता धोक्याबद्दल. पहिला धोका धनुर्वाताचा. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजलेला खिळा लागला तरच इंजेक्शन घ्यायचं, हा समज सोडून द्या. गोठ्यातला किंवा शेतातला काटा तेवढाच धोक्याचा. लसीचे मूळ डोस पूर्ण झाले असतील, तर स्वच्छ किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसला १० वर्षं होऊन गेली असली तरच बूस्टर लागतो. माती-शेणाने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी ही मुदत ५ वर्षांची. पूर्वी ज्याला टीटी म्हणायचो, त्याच्या जागी आता सरकारी कार्यक्रमात टीडी दिलं जातं. लस कधी घेतली हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. अशा माणसाला घाणेरड्या जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं.

दुसरा धोका हळू वाढणारा. काट्यावाटे आत शिरलेल्या बुरशीमुळे किंवा जिवाणूंमुळे मायसेटोमा होतो. काही महिन्यांत किंवा वर्षांत पाऊल सुजत जातं, दुखत फारसं नाही, बारीक छिद्रांतून पू आणि दाणे येतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी या रोगाचा बारकाईने अभ्यास करून १८७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाला होणारा हा रोग आहे. दुखत नाही म्हणून तो अंगावर काढला, तर हाडापर्यंत पोचतो.

तिसरा धोका मधुमेहींना. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला काटा रुतल्याचं कळतच नाही. मधुमेह असेल तर रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहा, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा, आणि रुतलेलं काहीही घरी काढू नका.

बाकीच्यांनी घरी काय करावं? हात आणि जखम साबण-पाण्याने धुवा. चिमटा स्पिरिटने पुसून घ्या. टोक बाहेर दिसत असेल, तर ज्या दिशेने काटा आत गेला त्याच दिशेने हळू बाहेर ओढा. लाकडाची कूस काढण्यापूर्वी जागा पाण्यात भिजत ठेवू नका. ती फुगते आणि तुटते. जखम पिळू नका. रुईचा चीक, बिब्ब्याचा चटका, चुना-गूळ यांपैकी काहीही लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि चीक चुकून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. काढल्यावर काटा पाहा: टोक शाबूत आहे का?

पुढीलपैकी काहीही असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे या: टोक आत मोडलं आहे, काटा सांध्याजवळ किंवा नखाखाली आहे, काच खोल गेली आहे, बोट वाकत नाही किंवा बधिर झालं आहे, लाली पसरते आहे, पू किंवा ताप आला आहे. डोळ्यात काही रुतलं असेल तर ते कधीही वरवरचं समजू नका. डोळा न चोळता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

येताना निघालेला तुकडा कागदात गुंडाळून आणा. काय रुतलं, कधी, कुठे काम करताना, पूर्ण निघालं का, धनुर्वाताची लस कधी घेतली, हे सांगा. उजवा पाय की डावा, हे कागदावर बरोबर लिहिलं आहे ना, तेही पाहा. विम्याचा दावा करायचा असेल तर निदान आणि उपचार एकमेकांशी जुळले पाहिजेत; वरवरच्या जखमेचा कोड आणि शस्त्रक्रियेचं बिल असं दिसलं की कंपनी खुलासा मागते. मात्र पैसे मिळावेत म्हणून मोठा कोड लिहून मागू नका. ती नोंद तुमच्या आरोग्याचा इतिहास म्हणून पुढे राहते, आणि पुढचा डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवून उपचार करतो.

जखम ‘वरवरची’ आहे हे एक निदान आहे, आणि कुठलंही निदान तपासणीनंतरच होतं. काटा पूर्ण निघाल्याची खात्री नसेल, तर त्याच दिवशी पाय दाखवा. आणि शेतात जाताना पायात जाड तळव्याची चप्पल-बूट असू द्या; घरातल्या प्रत्येकाच्या, मजुरांच्याही.